तीस अंड्यांच्या आतलं

अंडं रिकामं करायला दोन भोकं, एक सुई आणि भरपूर दमसास लागतो, एवढंच त्या मासिकात लिहिलं होतं. लेखी परवानगी लागते, असं कुठेच लिहिलं नव्हतं.

'टाकाऊतून टिकाऊ' या सदराखाली अंड्याच्या टरफलाची बाहुली होती. रिकाम्या अंड्यावर नाक-डोळे रंगवायचे, लोकरीचे केस चिकटवायचे, खाली पुठ्ठ्याची चकती लावून उभं करायचं. शेजारी एका मुलीचा फोटो होता. मुलगी बाहुली हातात धरून काहीतरी सांगत होती. अरुणाने बाहुलीपेक्षा त्या मुलीच्या उघड्या तोंडाकडे जास्त वेळ पाहिलं, कारण तिच्या घरातला सगळा प्रश्न सध्या तोंडाचाच होता.

नेहा साडेपाच वर्षांची. तिच्या बाबांची, मुकुंदची, बँकेतून सुरतेला बदली झाली तेव्हापासून ती घराजवळच्या गुजराती बालमंदिरात जात होती, आणि गेल्या सात महिन्यांत तिने तिथे एक शब्द उच्चारला नव्हता. घरी तिचं तोंड मिटत नसे. बालमंदिराचं फाटक दिसलं की मिटत असे, ते घरी परतल्यावर उघडे. तिच्या बाई नयनाबेन यांनी अरुणाला बोलावून घेतलं आणि अतिशय प्रेमाने समजावलं. बाई रागावल्या असत्या तर अरुणाला इतकी भीती वाटली नसती. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं की मुलांचं प्रदर्शन होतं. प्रत्येक मुलाने स्वतः केलेली एक वस्तू दाखवायची आणि तिच्याविषयी चार वाक्यं बोलायची. नेहा बोलली तर जूनमध्ये पहिलीत. नाही बोलली तर आणखी एक वर्ष बालमंदिरातच.

"शुं उतावळ छे?" नयनाबेन म्हणाल्या.

त्यांना घाई नव्हती. अरुणाला होती. अरुणा बी.एस्सी. होती, केमिस्ट्री घेऊन, आणि शिकलेल्या आईची मुलगी बालमंदिरात नापास होते ही बातमी साताऱ्याला घरच्यांना कोणत्या शब्दांत कळवायची याचा मजकूर ती मनात तीन रात्री जुळवत होती. तिचा स्वभावच तसा. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती, सगळं शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं, तरी ती कोथिंबीर अजून पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यातून काढत असे. मुकुंदला त्यामुळे गुलाबी कोशिंबिरीची सवय झाली होती.

"एक अंडं फोडायचं, त्यात एवढा विचार कसला?" मुकुंद पेपरमागून म्हणाला.

"फोडायचं नाही. रिकामं करायचं. आणि एक नाही, तीस."

तिसाचा हिशेब तिने वहीत मांडला होता. नेहा एकटी बाहुली करील, पण बोलणार कुणाशी? म्हणून ते राहत त्या ऋतुराज अपार्टमेंटमधली, तिच्याच बालमंदिरात जाणारी सात मुलं बोलवायची. नेहा धरून आठ जणांची दोन-दोन म्हणजे सोळा, आणि मुलांच्या हातून फुटतील ती चौदा. मुलं एकत्र बसतील, हसतील, भांडतील, आणि भांडताना माणूस गप्प राहूच शकत नाही. योजना शास्त्रीय होती.

"पण अंडी मिळतात कुठे इथे?" मुकुंदने विचारलं. एवढा निरागस चेहरा त्याने लग्नातही केला नव्हता.

संध्याकाळी दोघं उधन्याच्या नाक्यावर गेली. तिथल्या आमलेटच्या गाडीवरचा राघो मूळचा धुळ्याचा. त्याने लांबूनच हात वर केला. "या साहेब. नेहमीचं लावू का? आज वहिनीबी आल्या वाटतं."

मुकुंद रस्त्यावरची रहदारी फार बारकाईने पाहू लागला. रोज संध्याकाळी डॉक्टरांच्या सल्ल्याने तो जे तीन किलोमीटर चालायला जात असे, ते कुठपर्यंत जात असे, याचा अरुणाला उलगडा झाला. तिने तो विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. संसारात असे विषय बरणीत भरून ठेवायचे असतात. मुरले की जास्त उपयोगी पडतात.

तीस अंड्यांचा ट्रे दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून ती दोघं सोसायटीच्या फाटकापाशी आली आणि तिथे ठाकोरभाई उभे होते.

ठाकोरभाई सोसायटीचे सेक्रेटरी. उभी नोकरी त्यांनी जकात नाक्यावर काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना एक फाटक आयतं मिळालं होतं, आणि त्यातून जाणारी पिशवी न विचारता सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सोसायटीच्या नियमात अठरावं कलम होतं: मांसाहारी पदार्थ आवारात आणू नये. अरुणाने सगळं खरं सांगितलं. नेहाचं, नयनाबेनचं, चार वाक्यांचं. ठाकोरभाई मनाने मऊ होते, पण कलम अठरा होतं. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने निकाल दिला.

"जुओ बेन. अंदर माल छे त्यां सुधी ए इंडुं. माल नीकळी गयो एटले रमकडुं. रमकडुं उपर जाय, इंडुं ना जाय."

म्हणजे अंडी फाटकापाशीच रिकामी करायची, आणि मग ती खेळणी म्हणून जिना चढणार. त्यासाठी अर्ज हवा. अरुणाने तिथल्या तिथे अर्ज लिहिला. ठाकोरभाईंनी तो वाचून परत केला. सोसायटीच्या रजिस्टरात 'अंडी' हा शब्द आजवर आला नव्हता आणि त्यांच्या कारकिर्दीत तो येणार नव्हता. शेवटी 'सफेद नंग ३०' अशी नोंद झाली आणि नंग मगनच्या केबिनमध्ये रवाना झाले. मगन हा सोसायटीचा वॉचमन. पाण्याची मोटर चालू करणं हेही त्याच्याचकडे.

"आणि आतला माल?" अरुणाने विचारलं. आपण केमिस्ट्रीचे पदवीधर असून जकातीची भाषा बोलतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, पण उशिरा.

यावर ठाकोरभाईंकडे कलम नव्हतं. ते त्यांच्या पत्नीकडे होतं. हसुमतीबेन, ज्यांना सगळी सोसायटी हसुबा म्हणत असे, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाकून मघापासून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, यात विचारायचं काय, मेंदीत घालून माथ्याला लावायचं. केस रेशमासारखे होतात. त्यांच्या बहिणीच्या नणंदेने लावलं होतं, तिला आता पिन राहत नाही.

"खाण्यातलं नाही ना पण ते?" तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शंका काढली.

"माथामां नाखेली चीज खोराक ना केवाय," ठाकोरभाईंनी खालून निकाल दिला.

तासाभरात ही बातमी चारही मजल्यांवर पोचली. रविवारी सकाळी फाटकापाशी अकरा बायका आपापली वाटी घेऊन हजर होत्या. कुणी मेंदीत चहाचं पाणी घालून आणलं होतं, कुणी दही, कुणी आवळा. मुलांना वर गच्चीवर पाठवलं होतं. अरुणाने खालचं टेबल डेटॉलने पुसलं, अंडी बादलीत सोडून पाहिली, तिसाच्या तीस तळाला बसली, म्हणजे ताजी निघाली, तेव्हा तिला हायसं वाटलं. मग तिने पहिलं अंडं उचललं, सुईने दोन भोकं पाडली आणि मासिकात सांगितल्याप्रमाणे हळुवार फुंकर मारली.

काही झालं नाही. तिने जोरात फुंकर मारली. तिचे कान बंद झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि अंड्यातून मोहरीएवढा एक थेंब बाहेर डोकावला.

"ताई, तुमना दम पुराव नही. माले द्या."

सुभद्राबाई भांडी घासून खाली उतरल्या होत्या. त्या नवागामहून यायच्या. अरुणाकडचं काम झालं की घरी जाऊन साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. त्यांचं अख्खं घर, सुनेसकट, मार्केटच्या साड्यांना टिकल्या लावत असे. काल त्यांना सांगितलं होतं म्हणून त्यांनी उरलेल्या टिकल्या आणि लेसचे तुकडे भरून एक पिशवीच मुलांसाठी आणली होती. त्यांनी टरफल तोंडाशी धरलं, गाल फुगवले, आणि आतलं सगळं एका धारेत हसुबांच्या वाटीत उतरलं.

मग काम गिरणीसारखं सुरू झालं. सुभद्राबाई फुंकत होत्या, बायका पाळीपाळीने वाटी पुढे करत होत्या. ठाकोरभाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून प्रत्येक टरफल उन्हाकडे धरून बघत, कानाशी हलवत आणि "पास" म्हणत. पास झालेलं टरफल नेहा दोन्ही तळव्यांत धरून गच्चीवर नेऊन ठेवायची आणि परत खाली यायची.

अरुणा या सगळ्यावर नजर ठेवून होती. म्हणजे ती चार मजले वर जायची, गच्चीच्या दाराच्या फटीतून नेहा बोलते का ते बघायची आणि चार मजले खाली यायची. वर मुलांनी फेव्हिकॉल स्वतःला लावून घेतला होता, थोडा टरफलांनाही. ठाकोरभाईंचा नातू जिगर टरफलात पिल्लू होतं का म्हणून नेहाला विचारत होता, "आमां बच्चुं हतुं?"

नेहाने मान हलवून नाही म्हटलं, टरफल ठेवलं आणि ती परत निघाली. दाराच्या फटीमागे अरुणाने कपाळाला हात लावला. शास्त्रीय योजनेत मान हलवण्याची तरतूद नव्हती.

"एक शब्द नाही हो सुभद्राबाई," ती खाली येऊन पुटपुटली. "सात मुलांत बसवली तरी नाही."

सुभद्राबाईंनी विसावं अंडं रिकामं केलं, पदराने तोंड पुसलं. "हाई पोर मुकी नही शे, ताई. ऐकी ऱ्हायनी."

ऐकते आहे म्हणे. ऐकण्याचे मार्क कुठल्या बालमंदिरात मिळतात, असं अरुणाच्या मनात आलं. पण तेवढ्यात मेंदीत दही आधी घालावं की अंडं, यावर बायकांत दोन तट पडले आणि तिला मध्यस्थीला जावं लागलं. या वादात सर्वांत ठाम मत मगनचं होतं. त्याच्या आईची मेंदी गावात नावाजलेली. तो केबिनमधून बाहेर आला, बाह्या सरसावून त्याने स्वतः तीन वाट्या घोटून दिल्या. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच अकरा बायका त्याचं म्हणणं एकाग्रतेने ऐकत होत्या. अशा वेळी माणसाला मोटरची आठवण राहत नाही.

पालिकेचं पाणी पावणेदहा ते पावणेअकरा येत असे. मगनला मोटर आठवली तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि खालचा पालिकेचा नळ नुसता खोकत होता.

हे कळायला बायकांना साडेबारा वाजले. डोक्यावरची मेंदी वाळून कडक झाली होती, माशा घोंघावू लागल्या होत्या. एकेक जण आपापल्या घरी गेली, नळ सोडला, आणि तशीच जिन्यात बाहेर आली. चारही मजल्यांच्या जिन्यात हिरवी डोकी उभी राहिली. रविवार म्हणून भरलेलं पाणी सकाळीच कपड्यांत संपलं होतं. घराघरांत पाणी उरलं होतं ते फक्त न्हाण्यासाठी गॅसवर ठेवलेल्या पातेल्यांत आणि बंबांत. ते चांगलं तापलेलं होतं आणि त्यात विसण घालायला कुणाच्याही घरी थेंब नव्हता.

"निवू देऊ या का थोडं?" हसुबांनी विचारलं.

सगळ्यांनी अरुणाकडे पाहिलं. दोन तासांपूर्वीचं कच्चं अंडं, ऊन, माशा. तिच्या डोळ्यांपुढे जंतू वळवळू लागले.

"निवायची वाट बघू नका," ती म्हणाली. "सोसेल तेवढं गरमच घ्या. गरम पाण्याने लवकर सुटेल, आणि जंतूही मरतील."

"भणेली छे ने," हसुबा कौतुकाने म्हणाल्या, आणि अकरा दारं लागली.

सुरतेला आल्यापासून अरुणाला इतक्या मानाने शिकलेली असं कुणी म्हटलं नव्हतं. तो मान तिच्याकडे साधारण दहा मिनिटं टिकला. मग दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "हाय हाय" केलं. मग तिसऱ्यावरून. मग हसुबा बाहेर आल्या. त्यांच्या ओल्या केसांत मुळापासून टोकापर्यंत पांढरे-पिवळे बारीक तुकडे अडकले होते, घट्ट, खसखशीपासून वाटाण्याएवढे. त्यांनी एक तुकडा बोटाने ओढून पाहिला. तो केसासकट आला.

तेव्हा अरुणाला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आठवलं. अंड्याचा पांढरा बलक आणि उष्णता. प्रॅक्टिकल क्रमांक सात. परीक्षानळी गरम पाण्यात धरा, द्रव घट्ट होतो, निरीक्षण लिहा. तिने लिहिलं होतं. दहापैकी नऊ मार्क पडले होते.

आणि मग वास आला. आधी बारीक, मग जिन्यातून खाली खाली उतरत, चारही मजल्यांवर, ज्या इमारतीत कलम अठरा होतं त्या इमारतीच्या भिंतीभिंतींतून, अंडाभुर्जीचा निर्भेळ वास. मुकुंद दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भूक होती. अरुणाच्या चेहऱ्याकडे पाहून तो आत गेला.

खाली ठाकोरभाईंनी रजिस्टर उघडलं. माथ्यातली चीज खोराक नाही, हा त्यांचाच निकाल. पण माथ्यात शिजलेली? त्यांनी पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. जकात नाक्यावर छत्तीस वर्षांत असा माल आला नव्हता. शेवटी त्यांनी रजिस्टर मिटलं आणि ते नाक धरून देवळात गेले.

निस्तरलं ते सुभद्राबाईंनी. केस कोरडे झाल्याशिवाय काही निघणार नाही, असं सांगून त्यांनी अकराही जणींना गच्चीवर उन्हात बसवलं आणि उवांची बारीक फणी मागवून एकेकीचं डोकं विंचरायला घेतलं. मुलं बाहुल्या सोडून आयांची डोकी बघायला जमली. अरुणा प्रत्येकीपुढे जाऊन माफी मागत होती. कुणी हसली, कुणी "जवा दो ने" म्हणाली. एकदोघींनी वाट बघता बघता टरफलं हातात घेतली आणि मुलांपेक्षा सुबक टिकल्या लावून दिल्या. हसुबा मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचं डोकं विंचरायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात, आणि त्यानंतर आठवडाभर, त्या अरुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. आता बालमंदिरात एक न बोलणारी होती आणि खालच्या मजल्यावर दुसरी.

त्या आठवड्यात अरुणाने नेहाकडून ही बाहुली आहे, कुणी केली, कसल्या टरफलाची केली आणि ती किती आवडते, अशी चार वाक्यं पाठ करून घेतली. आ ढींगली छे. में बनावी छे. इंडाना कोचलामांथी बनावी छे. मने बहु गमे छे. नेहा घरी घडाघडा म्हणायची. मध्ये दुसरंच काही सांगू लागली की अरुणा तिला थांबवायची, "ते नको आता, नीट पहिल्यापासून म्हण." आंघोळीला, जेवताना, बूट घालताना पहिल्यापासून.

रविवारी बालमंदिराचा हॉल भरला. ऋतुराज अपार्टमेंटच्या बायका झाडून आल्या होत्या, कारण त्यांचीही मुलं टरफलाच्या बाहुल्या घेऊन उभी होती. सगळ्यांची डोकी पदराखाली. हसुबा जिगरसाठी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, अरुणाकडे पाठ करून.

जिगरने चार वाक्यं म्हटली. बाकीच्यांनी म्हटली. मग नेहाची पाळी आली.

टेबलावर तिची बाहुली होती, लाल टिकल्यांचं परकर-पोलकं, डोक्याला जरीच्या लेसची वेणी. नेहा बाहुलीकडे बघत राहिली. अरुणाने मागच्या रांगेतून ओठांनी "आ ढींगली छे" असा आकार केला. नेहाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड आणखी घट्ट मिटलं. कुणीतरी खोकलं. मुकुंदने अरुणाचा हात धरला.

नयनाबेन टेबलापाशी आल्या. त्यांनी बाहुली उचलली, आतून रिकामी आहे हे कानाशी हलवून पाहिलं आणि सहज विचारलं, "आनी अंदरनुं क्यां गयुं, बेटा?"

हा प्रश्न चार वाक्यांत नव्हता. नेहाने मान वर केली. हॉलभर नजर फिरवली. मग तिने बोट उचललं, सरळ पहिल्या रांगेकडे.

"हसुबाना माथामां."

मग नेहा सुटली. जिन्यात, गच्चीवर, फाटकापाशी सात महिने कानावर पडलेलं अस्सल सुरती गुजराती तिच्या तोंडातून धो धो बाहेर पडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकींच्या डोक्यात दोन, तिसऱ्या मजल्यावरच्या काकींच्या डोक्यात चार कारण त्यांचे केस लांब, मग मगनकाका मोटर विसरले, मग पाणी नव्हतं, मग सगळ्यांनी गरम पाणी घातलं आणि मग ते शिजलं. बोट एकेका पदराकडे वळत होतं.

"गरम पाणी कोणे कीधुं?" नयनाबेननी हसू दाबत विचारलं.

"मम्मीए," नेहा म्हणाली, आणि बोट शेवटच्या रांगेपर्यंत आलं.

अख्खा हॉल वळून अरुणाकडे बघत होता. साताऱ्याला कळवायच्या पत्राचा मजकूर आता पार बदलावा लागणार होता. मुकुंद खुर्चीखाली काहीतरी शोधू लागला, त्याचे खांदे हलत होते.

"हसुबाए त्रण लीधां हतां," नेहाने हकीगतीत भर घातली.

आणि हसुबा उठल्या. डोक्यावरचा पदर घसरला, तोही त्यांनी सावरला नाही. आठवडाभराचं मौन त्यांनी तिथेच सोडलं. "खोटुं ना बोल. में बे ज लीधां हतां."

"त्रण."

"बे, बेटा."

"त्रण. में गण्यां हतां," नेहा टेबलाला वळसा घालून पुढे आली. तीन बोटं हसुबांच्या नाकासमोर धरून तिने त्यांना विचारलं, तिसरं फुटलं तेव्हा वाटी कुणी पुढे केली होती.

लोक हसत होते, हसुबाही कमरेवर हात ठेवून हसू लागल्या होत्या, पण दोनाचे तीन मान्य करायला तयार नव्हत्या. अरुणा ताडकन उभी राहिली होती. मोठ्यांना उलट बोलू नये, चारचौघांत तर नाहीच नाही, हे वाक्य सवयीने तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिने ते तिथेच धरलं, ओठ घट्ट मिटून घेतले आणि हळूच खाली बसली. पुढे नेहा तिसऱ्या अंड्याची गोष्ट सांगत होती, पहिल्यापासून.